फिरायला गेल्यावर "आता कुठे जायचं" ठरवताना माहिती काउंटर कामाला येतं का? (माझा रिव्ह्यू)

हा रिव्ह्यू हॉटेलचा नाही आणि ॲपचाही नाही. स्टेशनबाहेर, विमानतळावर, जुन्या गावातल्या मुख्य चौकात एक काउंटर असतं बघा, वर पाटीवर नुसतं इंग्रजी 'आय' अक्षर, आत एक-दोन माणसं बसलेली आणि भिंतभर माहितीपत्रकं लावलेली, त्या टुरिस्ट इन्फर्मेशन काउंटरचा आहे. बहुतेक लोक त्याच्यासमोरून फोनमध्ये बघत निघून जातात, मी पण कित्येक वर्षं तेच करत होते. गेल्या चार-पाच ट्रिपांमध्ये मात्र प्रत्येक ठिकाणी मुद्दाम आत गेले, काही ठिकाणी दोनदा गेले, आणि एका ठिकाणी फसले पण. पाचपैकी चार स्टार देते. एक का कापला ते खाली सांगतेच.

सुरुवात कशी झाली ते आधी. आम्ही पाच जण होतो, मी, आई, ताई, दाजी आणि दहा वर्षांचा भाचा. मोठं मोठं सगळं घरूनच ठरवून निघालेलो, तारखा, तिकिटं, हॉटेल, कुठल्या शहरात किती रात्री. पण शहरात पोचल्यावर रोज सकाळी उठून काय करायचं हे "तिथे गेल्यावर बघू" वर सोडलं होतं, बहुतेक घरांमध्ये असंच असतं. आणि पहिल्याच सकाळी पाऊस. हॉटेलच्या दारात आम्ही चाळीस मिनिटं उभे होतो, तीन फोन, तिघांची तीन वेगळी ॲप, ताईकडे "पाहायलाच हवीत अशी दहा ठिकाणं" वाली यादी, दाजींकडे नकाशा आणि माझ्याकडे लोकांचे रिव्ह्यू. एकाने म्हणायचं टेकडीवरचा किल्ला, की दुसरं लगेच म्हणणार अगं पण तिथे गर्दी दाखवतंय, मग म्युझियम ठरत आलं तर त्याचा कोणीतरी एक स्टार दिलेला रिव्ह्यू मी मोठ्याने वाचला आणि तेही बारगळलं. शेवटी आई म्हणाली, "तुमचं ठरेपर्यंत मी जरा कुठेतरी टेकते." तेव्हा मला चटका बसला, कारण सकाळचा तो एक तास असतो ना, ज्यात सगळ्यांचे पाय ताजे असतात आणि कोणी कोणावर चिडलेलं नसतं, तो आम्ही दारात उभं राहून घालवला होता.

चौकाच्या पलीकडे ती पाटी दिसली म्हणून आत गेलो, खरं तर पावसात उभं राहायला जागा म्हणून. काउंटरवर पन्नाशीच्या एक बाई होत्या. त्यांनी आधी काहीच सांगितलं नाही, उलट आम्हालाच विचारलं. हातात किती वेळ आहे, तुमच्यातलं सगळ्यात कमी कोण चालू शकतं, आणि कुठलं तिकीट आधीच काढून ठेवलंय का. बस, एवढे तीन प्रश्न. चाळीस मिनिटांत आमच्यापैकी एकानेही हे एकमेकांना विचारलं नव्हतं, आम्ही सगळे "तिथे काय बघण्यासारखं आहे" यातच अडकलेलो. मग त्यांनी पॅडवरून एक नकाशा फाडला, पेन घेतलं आणि पहिलं काम काय केलं तर एका ठिकाणी फुली मारली. किल्ल्यावर जाणारी केबल रेल्वे दुरुस्तीसाठी बंद होती, दोन आठवड्यांपासून, आणि आमच्या तिन्ही फोनवर ती व्यवस्थित चालू दिसत होती. म्हणजे आम्ही ठरवलं असतं तर आईला घेऊन खालच्या स्टेशनपर्यंत चालत गेलो असतो आणि तिथे कळलं असतं.

पण बाईंनी किल्ला सोडा असं सांगितलं नाही. म्हणाल्या, मागच्या बाजूने बस वर जाते, वर पोचा आणि तिथून उतरत खाली या, सगळा उतार आहे, वाटेत दोन ठिकाणी बाकं आहेत, बाकांच्या जागी त्यांनी छोटे गोल काढले. बस कुठून पकडायची तेही दाखवलं, कारण तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकाच नावाचे स्टॉप आणि नवीन माणूस हमखास उलट्या दिशेच्या बसमध्ये बसतो. पाऊस अकराच्या सुमाराला ओसरेल, तोवर म्युझियम करा, पण तळमजल्यावर वेळ घालवू नका, थेट दुसऱ्या मजल्यावर जा, तिथे जहाजांची मॉडेल्स आहेत, मुलाला आवडतील. सगळं मिळून सात-आठ मिनिटं लागली असतील. भाचा त्या दुसऱ्या मजल्यावरून हलायला तयार नव्हता, आणि आई किल्ला पूर्ण उतरून खाली आली, न कुरकुरता, दोन्ही बाकांवर बसून.

त्या ट्रिपनंतर मी या विषयावर बरंच वाचलं, कारण मला खरंच जाणून घ्यायचं होतं की एवढी शिकली-सवरलेली माणसं आम्ही, दारात अशी का अडकलो. पर्यटनावर संशोधन करणारे फेसनमायर आणि जेंग यांनी २००० मध्ये एक मांडणी केली होती, ती मला फार पटली. ते म्हणतात प्रवासातले निर्णय एका जातीचे नसतात, थर असतात. सगळ्यात आतले निर्णय म्हणजे कुठे जायचं, कधी, कोणाबरोबर, राहायचं कुठे, हे आधी आणि घट्ट ठरतात. मग दुसरा थर, काय काय बघायचं, हे ठरतं पण हलू शकतं. आणि तिसरा थर वाटेतला, कुठे थांबायचं, कुठे खायचं, काय विकत घ्यायचं, हे तिथल्या तिथे होतं. आता आपण तयारी कशाची करतो तर सगळी पहिल्या थराची! दोन-दोन महिने विमानाची तिकिटं बघतो, आणि रोजचा दिवस ज्या निर्णयांवर चांगला किंवा वाईट जातो ते दुसऱ्या-तिसऱ्या थरातले, ते घेतो रस्त्यात उभं राहून, उपाशीपोटी, अर्धी बॅटरी असताना. आणि फोन आल्यापासून दुसरा थरही बराचसा तिकडेच ढकलला गेलाय, कारण "नंतर बघू, फोन आहेच की" असं आपण मनात धरून निघतो.

दुसरी गोष्ट हर्बर्ट सायमन यांची, १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले. त्यांचं म्हणणं १९५० च्या दशकातलं, की माणूस प्रत्यक्षात सगळे पर्याय तपासून सर्वात उत्तम निवडत नाही, तेवढा वेळ आणि तेवढी माहिती कोणाकडे नसतेच, तो आपल्याला चालेल इतकं चांगलं मिळालं की थांबतो. आता हॉटेलच्या दारातला आमचा तमाशा आठवून बघा. फोन आम्हाला थांबूच देत नव्हता, कारण खाली सरकवलं की आणखी एक ठिकाण येणार, ४.३ च्या खाली ४.५ वालं काहीतरी असणारच. काउंटरवरच्या बाईंनी जे केलं ते हेच, "तुम्हा पाच जणांना आजच्या दिवशी एवढं चालेल" अशी रेघ ओढून दिली. माझ्या मते या सेवेची खरी किंमत इथे आहे, माहिती देण्यात कमी आणि पर्याय कमी करून देण्यात जास्त.

फोनवर अन्याय करायचा नाहीये मला, मी स्वतः फोनशिवाय फिरत नाही. गूगल मॅप्स २००५ मध्ये आलं, लोकांचे रिव्ह्यू दाखवणारी ट्रिपॲडव्हायजर साइट त्याच्याही आधी २००० मध्ये, आणि यांच्यामुळे अनोळखी शहरात हरवायची भीती जवळजवळ गेली हे मान्यच. ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवला तर नेट नसतानाही रस्ता सापडतो, कॅमेरा पाटीवर धरला की भाषांतर दिसतं, हे माझ्या आईला अजूनही जादू वाटते. गूगल मॅप्सवर कुठल्या तासाला किती गर्दी असते ते दाखवणारे आलेखातले खांब पण फार उपयोगी, २०१५ पासून आहेत, नंतर आत्ता किती गर्दी आहे तेही दिसायला लागलं. पण ते कशावरून काढतात ते लक्षात घ्या, ज्यांनी आपली जागा नोंदवायला परवानगी दिलीये अशा लोकांच्या फोनच्या एकत्रित माहितीवरून. म्हणजे एरवीच्या मंगळवारी दुपारी काय होतं ते कळतं. आजच्या मंगळवारी एका दारावर काम चालू आहे आणि सगळी रांग दुसऱ्या दाराला वळवलीये, हे त्या खांबांमध्ये नसतं, ते काउंटरवरच्या माणसाला सकाळी कामावर येताना दिसलेलं असतं.

आणि रिव्ह्यूंचं काय सांगायचं. २०१७ मध्ये लंडनमध्ये एका पत्रकाराने स्वतःच्या घरामागच्या शेडला रेस्टॉरंट म्हणून ट्रिपॲडव्हायजरवर नोंदवलं, जे अस्तित्वातच नव्हतं, खोटे रिव्ह्यू लिहून घेतले आणि ते लंडनमध्ये पहिल्या नंबरवर पोचलं होतं. अमेरिकेत तर आता खोटे रिव्ह्यू विकणं आणि विकत घेणं याच्यावर बंदी घालणारा नियम २०२४ च्या ऑक्टोबरपासून लागू झालाय, यावरून प्रकार किती पसरलाय ते समजून घ्या. पण समजा सगळे रिव्ह्यू खरे असले तरी तो आकडा म्हणजे दुसऱ्या हजार लोकांची सरासरी, त्यात गुडघे दुखणारी आई किती आणि पंचविशीतले ट्रेकर किती हे त्या आकड्यावरून कळत नाही. मी आता रिव्ह्यू वाचते ते फक्त वाईट वाले, आणि त्यातही "पायऱ्या", "रांग", "बंद" असे शब्द शोधून. स्टार बघतच नाही.

आता काउंटरकडे जाण्याआधी एक गोष्ट मात्र घरूनच तपासा, ही कळकळीची विनंती. काही ठिकाणं अशी आहेत की ती तिथे गेल्यावर ठरवताच येत नाहीत. ॲम्स्टरडॅममधलं ॲन फ्रँक हाउस हे म्युझियम घ्या, तिकीट फक्त ऑनलाइन, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या भेटींची तिकिटं उघडतात, दारात जाऊन उभं राहून काही उपयोग नाही. तिथे कुठलंही काउंटर तुम्हाला मदत करू शकत नाही. उलटं उदाहरण न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या टीकेटीएस या तिकीट खिडकीचं, १९७३ पासून नाटकांची त्याच दिवसाची उरलेली तिकिटं सवलतीत विकतात, म्हणजे ज्याने आधी काही ठरवलं नाही त्याचा फायदा. या दोन टोकांच्या मध्ये बाकी सगळं येतं. म्हणून मी आता निघण्याआधी एकच यादी करते, "आधी काढलं नाही तर मिळणारच नाही" अशा गोष्टींची, ती सहसा दोन-तीन ओळींची होते, आणि बाकी सगळं काउंटरवर सोडते.

हां, आता कापलेला स्टार. पहिली तक्रार वेळेची. आपल्याला प्रश्न पडतात संध्याकाळी, गाडीतून उतरल्यावर, आणि बरीच काउंटर तोवर बंद झालेली असतात, लहान गावांमध्ये तर दुपारीही मध्ये दोन तास कुलूप. एका गावात आम्ही पोचलो तेव्हा दार बंद होतं, पण काचेवर आतून बसचं वेळापत्रक, दवाखान्याचा नंबर आणि त्या आठवड्यात काय काय बंद आहे त्याचा हाताने लिहिलेला कागद लावलेला, त्या एका कागदाने आमचं काम झालं. दुसऱ्या एका मोठ्या शहरात तसाच बंद दरवाजा आणि काचेवर नुसता एक चौकोनी कोड, तो स्कॅन केला तर शहराच्या जाहिरातीचा व्हिडिओ. दमलेल्या माणसाच्या तोंडावर दार लावायचं आणि वर जाहिरात दाखवायची, मला त्याचा मनापासून राग आला होता.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. तीच पाटी, तेच अक्षर, आणि आत बसलेला माणूस सरकारी किंवा पालिकेचा नसतोच, सहली विकणारा असतो. आम्ही एका बंदराच्या गावात असे फसलो. आत गेलो, मी माझे प्रश्न विचारले, त्याने एकाचंही उत्तर न देता बोटीच्या फेरीचं पत्रक पुढे केलं, पुढची फेरी वीस मिनिटांत, शेवटच्या पाच जागा, घ्यायच्या तर आत्ता. आणि दमलेलो असताना "शेवटच्या पाच जागा" हे ऐकलं की डोकं चालत नाही, दाजींनी कार्ड काढलं सुद्धा. बोट अर्धी रिकामी होती, आणि तोच किनारा लोकांची रोजची ने-आण करणाऱ्या साध्या बोटीतून दिसतो हे दुसऱ्या दिवशी खऱ्या काउंटरवर कळलं. तेव्हापासून मी आत गेल्यावर पहिला प्रश्न ठरवून विचारते, "इथे फुकट बघण्यासारखं काय आहे?" खरं काउंटर असेल तर चालत फिरायचा रस्ता, बाग, उंचावरची जागा, चर्च, बाजार काहीतरी सांगतातच आणि नकाशाही देतात. विकणारा असेल तर विषय बदलतो. अजून तरी हा प्रश्न चुकलेला नाही.

तिसरं थोडं समजून घेण्यासारखं आहे. "चांगलं जेवायला कुठे जाऊ" विचारलं की अधिकृत काउंटरवर बऱ्याचदा गुळमुळीत उत्तर मिळतं, आणि माणूस चार नावांची यादी हातात देतो. सुरुवातीला वाटायचं यांना काही माहीत नाही. नंतर एका तरुण मुलाने हळूच सांगितलं, आम्हाला एकाच धंद्याचं नाव घ्यायची परवानगी नाही, सगळ्यांना सारखं वागवावं लागतं. भिंतीवरची पत्रकं पण बऱ्याच ठिकाणी सभासद असलेल्या किंवा पैसे भरलेल्या धंद्यांचीच असतात, म्हणजे भिंत पूर्ण शहर दाखवत नाही हे धरून चाला. मग मी प्रश्न बदलला. "तुम्ही स्वतः काम संपल्यावर कुठल्या भागात जाता?" असं विचारते, दुकानाचं नाव नाही, नुसता भाग. तो मुलगा हसला आणि नकाशावर दोन गल्ल्यांभोवती गोल काढला. ट्रिपमधली आमची सगळ्यात छान संध्याकाळ त्याच गोलात गेली, आणि तिथे जाऊन बसायचं कुठे हे आम्ही नाक आणि डोळे वापरून ठरवलं, फोन खिशात.

भाषेचा प्रश्न येतो, पण वाटतो तेवढा मोठा नाही. जपानमध्ये तर राष्ट्रीय पर्यटन संघटना या केंद्रांना दर्जा देते, किती भाषांमध्ये बोलतात आणि माहिती नुसती त्या गावाची की पूर्ण देशाची त्यावरून, त्यामुळे आत जाण्याआधीच अंदाज येतो. ही पद्धत सगळीकडे यायला हवी. आणि जिथे भाषा जुळत नाही तिथे नकाशा आणि पेन असलं की निम्मं काम होतं, हा माझा अनुभव.

ही सेवा जुनी आहे, आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप. नेदरलँड्समधल्या फाल्केनबुर्ख गावात १८८५ मध्ये अशी संघटना सुरू झाली होती, फ्रान्समध्ये ग्रेनोबलला १८८९ मध्ये. गावातल्याच लोकांनी आलेल्या पाहुण्यांना वाटा दाखवायला सुरू केलेली. आणि आता ती बंद पडत चाललीये. स्कॉटलंडची सरकारी पर्यटन संस्था व्हिजिटस्कॉटलंड, तिने २०२४ च्या मार्चमध्ये आपली सगळी २५ केंद्रं दोन वर्षांत बंद करायचं जाहीर केलं, कारण काय तर लोक आता आधीच ऑनलाइन माहिती काढून, बुकिंग करूनच येतात. मला हे वाचून वाईट वाटलं, आणि हिशोबही चुकीचा वाटतो. लोक आधी ठरवून येतात ते पहिल्या थरातलं, विमान आणि हॉटेल. पाऊस पडल्यावर काय, केबल रेल्वे बंद असल्यावर काय, आई दमल्यावर काय, हे कोणी घरून ठरवून येत नाही, येऊच शकत नाही. काउंटरवर येणारी माणसं कमी झाली असतील, पण दारात फोन घेऊन चाळीस मिनिटं उभी राहणारी माणसं कुठे मोजली जातात?

कोणी जाणार असेल तर माझं एवढंच सांगणं, पहिल्या दिवशी पोचल्या पोचल्या जा, शेवटच्या दिवशी नाही. काय बघू असं विचारू नका, त्याचं उत्तर यादीच मिळतं. हातात किती तास आहेत, बरोबर कोण आहे, कोणाला काय झेपत नाही हे आधी सांगा, आणि मग विचारा आज काय बंद आहे. कागदी नकाशा घ्याच, त्यावर पेनाने खुणा करून घ्या, कारण पाच जणांना एका फोनमध्ये डोकावता येत नाही पण एका टेबलावर पसरलेल्या नकाशाभोवती सगळे उभे राहू शकतात, आणि मग भाचा सुद्धा बोट ठेवून सांगतो मला इथे जायचंय.

आमची पुढची ट्रिप पुढच्या महिन्यात आहे, तेच पाच जण. तिथलं काउंटर संध्याकाळी साडेपाचला बंद होतं आणि आमची गाडी सहाला पोचत होती, म्हणून कालच तिकीट बदलून सकाळची गाडी घेतली. ताई म्हणाली एका काउंटरसाठी पहाटे चारला उठायचं का, पण आईने आधीच हो म्हणून टाकलं होतं. हॉटेलची खोली मिळेपर्यंत सामान त्या काउंटरवर ठेवू देतात का असं ईमेलवर विचारलंय, उत्तर आलं की इथे कळवते.